दुसऱ्याची जखम : व्हिटमन, डिकिन्सन आणि तादात्म्याचा प्रश्न

कवी दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलतो तेव्हा तो कोणत्या अधिकाराने बोलतो, हा प्रश्न काव्यशास्त्राचा मानावा की नीतिशास्त्राचा, याचा निर्णय सहजासहजी होत नाही. काव्यशास्त्र त्याचे उत्तर कल्पनाशक्तीच्या भाषेत देते. उत्कट कल्पना असेल तर कवी कोणाच्याही अंतरंगात शिरू शकतो, आणि तो शिरला आहे की नाही याची कसोटी कवितेतच असते. नीतिशास्त्राला एवढ्याने समाधान मिळत नाही. शिरता येते हे मान्य केले तरी शिरावे का, ज्याच्या अंतरंगात शिरायचे त्याची संमती कुठे आहे, आणि शिरून बाहेर पडल्यावर तिथे नेमके काय उरते, हे प्रश्न शिल्लक राहतातच. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन कवितेत हा पेच दोन टोकांना इतक्या स्पष्टपणे उभा आहे की त्याचा विचार करण्यासाठी वॉल्ट व्हिटमन (१८१९–१८९२) आणि एमिली डिकिन्सन (१८३०–१८८६) यांच्याइतकी सोयीची जोडी दुसरी सापडणे कठीण.

सोयीची म्हणूनच थोडी धोक्याचीही. या दोघांची तुलना अभ्यासक्रमांनी इतकी गुळगुळीत करून टाकली आहे की एक उघडा आणि एक मिटलेली, एक रस्त्यावरचा आणि एक खोलीतली, असे म्हटले की काम झाले असे वाटू लागते. चरित्रातील तपशील या सुलभीकरणाला मदत करतात. व्हिटमनने १८५५ साली ‘लीव्हज ऑफ ग्रास’ स्वतःच्या खर्चाने ब्रुकलिनमध्ये छापून घेतले, त्यातील काही खिळे स्वतः जुळवले, मुखपृष्ठावर नाव न घालता आत उघड्या गळ्याच्या सदऱ्यातले आपले चित्र घातले आणि पुस्तकावर निनावी परीक्षणेही स्वतःच लिहिली. एमर्सनचे खाजगी अभिनंदनपत्र आले तेव्हा त्यातील एक वाक्य दुसऱ्या आवृत्तीच्या कण्यावर सोनेरी अक्षरांत छापण्याचा संकोच त्याला वाटला नाही. डिकिन्सनच्या हयातीत तिच्या सुमारे अठराशे कवितांपैकी जेमतेम दहा छापल्या गेल्या, त्याही निनावी. उरलेल्यांपैकी पुष्कळशा तिने हाताने शिवलेल्या लहान वह्यांत ठेवल्या होत्या आणि त्या तिच्या बहिणीला तिच्या मृत्यूनंतर सापडल्या. १८६२ साली तिने टॉमस वेंटवर्थ हिगिन्सनला लिहिलेल्या पत्रात व्हिटमनचा उल्लेख येतो, तो एवढाच की त्याचे पुस्तक आपण वाचलेले नाही आणि ते लाजिरवाणे असल्याचे आपल्याला सांगण्यात आले आहे. व्हिटमनला तर तिचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. हे सारे खरे आहे, पण त्यातून कवितेविषयी फारसे काही कळत नाही. खोलीत बसणारा माणूस दुसऱ्याच्या दुःखावर हक्क सांगू शकतो, आणि रस्त्यावर फिरणारा माणूस त्या दुःखापासून आदराने दूर उभा राहू शकतो.

व्हिटमनच्या रचनेचे मूलतत्त्व म्हणजे सूची. छंदाने बांधलेली ओळ त्याने सोडली आणि श्वासाने बांधलेली, बायबलच्या इंग्रजी भाषांतराला जवळची अशी लांब ओळ घेतली. एकामागून एक ओळी एकाच शब्दाने सुरू होतात आणि प्रत्येक ओळीत एक माणूस, एक व्यवसाय, एक प्रसंग येतो. पुढे ‘साँग ऑफ मायसेल्फ’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या दीर्घकवितेच्या पंधराव्या विभागात सुतार, नववधू, अफूबाज, वेश्या आणि मंत्र्यांच्या मेळ्यातला राष्ट्राध्यक्ष हे सारे एकाच रांगेत उभे आहेत. या रचनेला लोकशाहीचे व्याकरण म्हणण्याची प्रथा आहे, आणि ती अगदीच निराधार नाही. वाक्यरचनेत कोणी कोणाच्या अधीन नाही. प्रधान वाक्य आणि गौण वाक्य असा भेदच नाही. परंतु त्याच समतेची दुसरी बाजू अशी की ज्या गुलामाचा लिलाव चालला आहे त्यालाही एकच ओळ मिळते आणि ज्याचे सुखाने चालले आहे त्यालाही एकच. दुःख आणि सुख यांना समान जागा देणारी रचना न्यायी असते की उदासीन असते, हे नुसत्या रचनेवरून सांगता येत नाही. व्हिटमनला स्वतःला याची अंधुक जाणीव असावी, कारण याच विभागात जमाव वेश्येला हसतो तेव्हा तो कंस उघडून मध्ये येतो आणि आपण हसत नसल्याचे सांगतो. सूचीला तिच्या समभावातून बाहेर काढण्यासाठी कवीला असे आडवे यावे लागते.

पण खरा प्रश्न सूचीचा नाही, काव्यगत ‘मी’चा आहे. त्याच कवितेच्या दहाव्या विभागात एक पळालेला गुलाम निवेदकाच्या घराशी येऊन थांबतो. निवेदक त्याला आत घेतो, आंघोळीला पाणी देतो, जाडेभरडे पण स्वच्छ कपडे देतो, आपल्या खोलीतून वाट असलेली खोली देतो, मानेवरच्या आणि घोट्यांवरच्या घट्ट्यांना मलमपट्टी करतो. आठवडाभर राहून तो माणूस उत्तरेकडे निघून जातो. तो जेवायला शेजारी बसत असे आणि बंदूक कोपऱ्यात टेकवलेली असे, एवढ्यावर विभाग संपतो. या साऱ्या प्रसंगात पाहुणा एक शब्द बोलत नाही, आणि निवेदक त्याच्या मनात काय चालले होते हे सांगण्याचा प्रयत्नही करत नाही. भिरभिरणारे डोळे आणि अवघडलेपण या बाहेरून दिसणाऱ्या गोष्टींची तेवढी नोंद होते. सारी नीती वस्तूंमध्ये आहे: पाणी, कपडे, मलम, आणि गरज पडल्यास हाताशी असलेली बंदूक.

तेवीस विभागांनंतर, तेहेतिसाव्या विभागात, हाच कवी निराळे काहीतरी करतो. तिथे कुत्र्यांनी पाठलाग केलेला गुलाम आपणच आहोत असे तो जाहीर करतो. कुंपणाच्या आधाराने धापा टाकणारा, चाबकाच्या दांड्याचे घाव खाणारा तोच. जखमी माणसाला कसे वाटते हे आपण विचारत नाही, आपणच तो जखमी होतो, असे सांगून यातना हा आपल्या अंगावर बदलला जाणारा एक पोशाख आहे अशी कल्पना तो करतो. भारतीय वाचकाला या ठिकाणी गीतेतील जीर्ण वस्त्रांचे रूपक आठवणे स्वाभाविक आहे, आणि व्हिटमनला वेदान्ती ठरवण्याचा मोह आपल्याकडे अनेकांना झाला आहे. (थोरोने १८५६ साली त्याला पौर्वात्य ग्रंथ वाचले आहेत का असे विचारले तेव्हा नाही, तुम्हीच त्यांच्याविषयी सांगा, असे त्याने उत्तर दिले होते, हा मोह थोडा आवरायला एवढी माहिती पुरेशी आहे.) परंतु दोन रूपकांतील फरक साम्यापेक्षा अधिक बोलका आहे. गीतेत देह हे वस्त्र आहे आणि ते टाकण्यात कोणाच्या वेदनेचा अपहार नाही. व्हिटमनच्या रूपकात वेदना हे वस्त्र आहे, ते दुसऱ्याच्या अंगावरचे आहे, आणि ज्याच्या अंगावर ते आहे त्याला ते उतरवता येत नाही.

मराठीत या क्रियेला ‘परकायाप्रवेश’ असा शब्द तयार आहे आणि लेखकाच्या, नटाच्या प्रतिभेचे वर्णन करताना समीक्षेने तो सढळपणे वापरला आहे. ज्या कथेतून तो रूढ झाला ती शंकराचार्यांची आख्यायिका मात्र प्रतिभेची नुसती प्रशंसा करत नाही. अमरुक राजाच्या मृत देहात प्रवेश करताना आचार्यांचा स्वतःचा देह शिष्यांना राखत बसावे लागते, आणि परक्या देहात रमून परतीचा विसर पडण्याचे भय कथेत आहे. म्हणजे परकायाप्रवेशाच्या मूळ कल्पनेत तीन अटी आहेत: शिरायची काया रिकामी असली पाहिजे, स्वतःची काया कुठेतरी राखून ठेवलेली असली पाहिजे, आणि परत यायचे आहे याचे भान कोणीतरी दिले पाहिजे. पळणाऱ्या गुलामाची काया रिकामी नाही. तीत तो स्वतः आहे. व्हिटमनचा ‘मी’ तिथे शिरतो तेव्हा मूळ रहिवासी कुठे जातो, याचा उल्लेख कवितेत येत नाही.

डी. एच. लॉरेन्सने १९२३ साली अमेरिकन साहित्यावरील आपल्या पुस्तकात व्हिटमनवर जो हल्ला केला त्याचा गाभा हाच आहे. गुलामाविषयी सहानुभूती म्हणजे त्याच्यासोबत काही अनुभवणे. त्याच्यात विलीन होणे म्हणजे त्याच्या गुलामगिरीत आणखी एकाची भर घालणे, असा त्याचा मुद्दा आहे. लॉरेन्सची भाषा नेहमीप्रमाणे आक्रस्ताळी आहे, पण त्याचा भेद खरा आहे. त्याच्या कितीतरी आधी, १७५९ साली, ॲडम स्मिथने नैतिक भावनांवरील ग्रंथाच्या अगदी आरंभी सांगून ठेवले होते की दुसऱ्याला काय वाटते याचा साक्षात अनुभव आपल्याला कधीच येत नाही. आपण त्याच्या जागी असतो तर आपल्याला काय वाटले असते, एवढीच कल्पना करता येते. स्मिथच्या या विधानात जो ‘असतो तर’ आहे तोच तेहेतिसाव्या विभागातून गळून पडला आहे. संकेतार्थाच्या जागी वर्तमानकाळ आला आहे.

इथे संस्कृत काव्यशास्त्राच्या बाजूने एक उत्तर सुचवता येईल. साधारणीकरणाच्या सिद्धान्तानुसार काव्यातील भाव हा ना माझा असतो ना परक्याचा. ‘माझे’ आणि ‘त्याचे’ ही बंधने सुटल्यावरच त्याचा आस्वाद संभवतो. मग व्हिटमनने गुलामाचे दुःख बळकावले असे म्हणण्यालाच अर्थ उरत नाही. हे उत्तर देखणे आहे, पण ते राम आणि सीता यांच्यासाठी आहे. रंगभूमीवरच्या पात्राचे दुःख सर्वांचे झाल्याने कोणाचे नुकसान होत नाही. १८५५ साली गुलाम हे पात्र नव्हते. १८५० च्या कायद्यानुसार पळालेल्या माणसाला उत्तरेतील राज्यांतूनही धरून परत नेता येत होते. ज्याची विशिष्टता हीच त्याची एकमेव मालमत्ता आहे अशा माणसाचे साधारणीकरण करणे म्हणजे तीही काढून घेणे होऊ शकते.

तरीही व्हिटमनला इतक्या स्वस्तात दोषी ठरवता येत नाही, कारण त्याच पहिल्या आवृत्तीत, आज ‘द स्लीपर्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कवितेत, असा एक उतारा आहे जिथे तादात्म्य खरोखर घडले आहे. तिथे बोलणारा ‘मी’ ल्यूसिफरचा वारस आहे. ज्याने आपल्यावर अन्याय केला, जो आपल्या भावाबहिणीच्या रक्तावर पैसा कमावतो, ज्याच्या आगबोटीने आपल्या स्त्रीला नदीखाली वाहून नेले, त्याच्याविषयी तो सूडाची भाषा बोलतो. हस्तलिखितांतील नोंदींवरून हा आवाज कृष्णवर्णीय गुलामाचा आहे हे स्पष्ट होते. तेहेतिसाव्या विभागातला गुलाम दमलेला, रक्ताळलेला, करुणा जागवणारा होता. हा गुलाम रागावलेला आहे, आणि त्याचा राग कवीच्या सर्वसमावेशक प्रेमात सामावणारा नाही. दुसऱ्याच्या आत खरोखर शिरल्याची खूण कदाचित हीच असावी: तिथे आपल्याला अनपेक्षित आणि गैरसोयीचे असे काही ऐकू येते. १८८१ च्या आवृत्तीत व्हिटमनने हा उतारा गाळला. दमलेला गुलाम राहिला, रागावलेला गेला. मधल्या काळात, १८७२ साली, कृष्णवर्णीयांच्या मताधिकारावरून विल्यम ओकॉनर या आपल्या निष्ठावंत मित्राशी त्याचे तुटले होते, आणि या वादात व्हिटमन मताधिकाराच्या बाजूने नव्हता. त्याची कविता त्याच्या मतांच्या पुढे गेली होती, आणि वृद्ध संपादकाने तिला मतांच्या रेषेत मागे आणून बसवले.

डिकिन्सनकडे वळल्यावर प्रथम जाणवतो तो आकाराचा आखडतेपणा. तिचा पाया चर्चमधील स्तोत्रांचा, आयझॅक वॉट्सच्या परंपरेतला: चार ओळींचे कडवे, आठ आणि सहा अक्षरांची आलटून पालटून येणारी लय. या ओळखीच्या, सामुदायिक गायनाच्या घाटात ती जे भरते ते मात्र समुदायाला गाता येण्यासारखे नाही. यमक अर्धवट जुळते, वाक्य मध्येच थांबते, अपसारणचिन्ह येते आणि पुढचा शब्द मागच्याला चिकटण्याचे नाकारतो. वेदनेविषयीच्या तिच्या कविता बहुधा व्याख्येच्या स्वरूपात असतात. तीव्र वेदनेनंतर मनाला जी औपचारिक, बधिर अवस्था येते तिचे तिने केलेले वर्णन प्रसिद्ध आहे. त्यात कोणाची वेदना, कशामुळे, याचा पत्ता नाही. ‘मी’सुद्धा नाही. नसा, हृदय, पाय ही जणू स्वतंत्र, समारंभाला जमलेली मंडळी आहेत. स्वतःचे दुःखही तिला परक्यासारखे, बाहेरून, तपासून पाहावे लागते.

दुसऱ्याच्या दुःखाविषयीची तिची सर्वांत थेट कविता जॉन्सनच्या आवृत्तीत ५६१ या क्रमांकाने येते. भेटेल त्या प्रत्येक दुःखाचे आपण बारीक, शोधक डोळ्यांनी मोजमाप घेतो, असे निवेदिका सांगते. ते आपल्या दुःखाइतकेच जड आहे का, की आकाराने सोपे आहे? त्यांनी ते फार काळ वाहिले की नुकतेच सुरू झाले? जगणे त्यांना दुखते का? प्रश्नांमागून प्रश्न येतात आणि एकाचेही उत्तर मिळत नाही. दुःखाची कारणेही ती मोजते: मृत्यू, अभाव, थंडी, निराशा, मायदेशाच्या हवेत राहूनही होणारी हद्दपारी. आणि शेवटी कॅलव्हरीवरून, म्हणजे क्रूसाच्या टेकडीवरून जाताना, क्रूस कोणकोणत्या तऱ्हेने वाहिले जातात हे पाहताना, त्यांतले काही आपल्यासारखे असावेत असे गृहीत धरण्याचा एक टोचरा दिलासा तिला मिळतो.

‘गृहीत धरणे’ ही या कवितेतली निर्णायक क्रिया आहे. व्हिटमन जिथे ‘आहे’ म्हणतो तिथे डिकिन्सन ‘असावे’ म्हणते, आणि त्या ‘असावे’लाही ती दिलासा म्हणते, ज्ञान म्हणत नाही. ॲडम स्मिथचा गळालेला संकेतार्थ तिने जपला आहे. ही नम्रता केवळ परक्यांच्या बाबतीत नाही. तिच्या हस्तलिखितांत अनेक शब्दांपाशी अधिकचे चिन्ह असते आणि पानाच्या तळाशी पर्यायी शब्द लिहिलेले असतात. त्यांतून निवड केलेली नसते. १८९० च्या पहिल्या आवृत्तीत मेबल लूमिस टॉड आणि हिगिन्सन यांनी हे सारे गुळगुळीत करून छापले. १९५५ साली टॉमस जॉन्सनच्या आवृत्तीने ते बऱ्याच अंशी पुन्हा दृष्टीस आणले, आणि १९९२ साली शॅरन कॅमेरॉनने ही न केलेली निवड हाच तिच्या कवितेचा स्वभाव आहे असा युक्तिवाद मांडला. या युक्तिवादाचा पुढे थोडा अतिरेक झाला आणि प्रत्येक डॅशमध्ये तत्त्वज्ञान सापडू लागले, हे मान्य करूनही एवढे म्हणता येते की जी कवयित्री स्वतःच्या यातनेसाठीही एक शेवटचा शब्द ठरवू इच्छीत नाही, तिच्याकडून दुसऱ्याच्या यातनेवर शिक्का मारला जाण्याची शक्यता कमी असते.

पण मोजमापाच्या या कवितेत एक अस्वस्थ करणारी गोष्ट आहे आणि तिच्या चाहत्यांनी तिच्याकडे सहसा डोळेझाक केली आहे. निवेदिका दुःखितांपाशी थांबत नाही. ती त्यांना विचारत नाही, पाणी देत नाही. ती पाहते, मोजते आणि पुढे जाते. इतरांची दुःखे तिच्या स्वतःच्या दुःखाचे वजन ठरवण्याची मापे होतात. व्हिटमनने दुसऱ्याची जखम अंगावर घेतली हा जर अपहार असेल, तर डिकिन्सनने ती तराजूच्या दुसऱ्या पारड्यात घालावी हा कोणता व्यवहार? शिवाय तिच्या अंतराला सामाजिक स्थानाचा आधार होता. अमहर्स्टमधील प्रतिष्ठित वकिलाचे घर, आयरिश नोकरमाणसे, भाऊ ऑस्टिनने १८६४ साली पाचशे डॉलर देऊन आपल्या जागी सैन्यात पाठवलेला बदली माणूस. हिगिन्सन कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीचे नेतृत्व करायला दक्षिणेत गेला तेव्हा तिने त्याला लिहिलेल्या पत्रात युद्ध ही एक तिरपी जागा असल्यासारखे वाटते अशा आशयाचे वाक्य आहे. गुलामगिरीविषयी तिची कविता जवळजवळ मूक आहे. हे मौन नैतिक संयमातून आलेले आहे की त्या प्रश्नाची झळ न लागल्यामुळे आलेले आहे, हे कवितेतून सिद्ध करता येत नाही, आणि समीक्षकाने त्याला आपल्या सोयीने संयम म्हणू नये.

आणि तरी ती युद्धापासून दूर नव्हती. तिच्या कवितालेखनाचा सर्वांत भरघोस काळ म्हणजे नेमकी यादवी युद्धाची वर्षे. १८६२ च्या मार्चमध्ये अमहर्स्ट कॉलेजच्या अध्यक्षांचा मुलगा फ्रेझर स्टर्न्स न्यू बर्नच्या लढाईत मारला गेला तेव्हा सारे गाव हादरले आणि तिच्या पत्रांत त्याचे पडसाद आहेत. शूर माणसे मरत असताना जिवंत असण्याची लाज वाटणे हा तिच्या एका कवितेचा विषयच आहे. १८६४ साली जखमी सैनिकांच्या मदतीसाठी ब्रुकलिनमध्ये निघालेल्या ‘ड्रम बीट’ या पत्रात तिच्या तीन कविता निनावी छापल्या गेल्या, हे १९८४ साली कॅरन डँड्युरँडच्या संशोधनातून उजेडात आले. त्या तिन्ही कवितांत युद्ध नाही. फुले, पाखरे, मावळतीचा उजेड आहे. पण त्याच वर्षी ब्रुकलिनच्याच एका दैनिकात यशाविषयीची तिची ती सुप्रसिद्ध कविता आली. तिच्यात विजयाची व्याख्या झेंडा हाती घेतलेल्यांपैकी कोणाला करता येत नाही. हरलेला, मरणोन्मुख सैनिक, ज्याच्या कानांना त्या आवाजाची बंदी आहे, त्यालाच तो स्पष्ट ऐकू येतो. कविता युद्धापूर्वीची, १८५९ च्या सुमाराची आहे. तिचा सिद्धान्त असा की अभावाचे ज्ञान ज्याच्या वाट्याला अभाव आला त्याचेच असते.

मराठी वाचकाला हा सिद्धान्त परका नाही. दलित साहित्याच्या चळवळीने १९७० नंतर जो वाद उभा केला त्याच्या केंद्रस्थानी हाच होता: दलितांची वेदना दलितेतर लेखक लिहू शकेल का, आणि लिहिली तर ती कोणाची होईल? शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ साली दलित साहित्याच्या सौंदर्यशास्त्राची मांडणी करताना दलित जाणीव आणि तिचा अनुभवाधार यांवर जो भर दिला त्यामागेही तादात्म्याच्या दाव्याविषयीचा हाच अविश्वास आहे. परकायाप्रवेशाची महती सांगणाऱ्या समीक्षेला त्या वादात पहिल्यांदा काया असलेल्या माणसाचा आवाज ऐकू आला. त्या आवाजातही, ‘द स्लीपर्स’मधल्या गाळलेल्या उताऱ्याप्रमाणे, करुणेपेक्षा राग अधिक होता, आणि तेव्हाही तो आवाज कलात्मकतेच्या नावाने गाळण्याच्या सूचना झाल्याच.

व्हिटमनच्या बाबतीत पुढे जे घडले त्यामुळे मात्र हा वाद ‘लिहू शकेल’ आणि ‘लिहू शकणार नाही’ या दोनच उत्तरांपाशी थांबत नाही. १८६२ च्या डिसेंबरात फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईतील जखमींच्या यादीत भाऊ जॉर्जचे नाव वाचून तो व्हर्जिनियाला गेला. भावाची जखम किरकोळ निघाली. पण लष्करी रुग्णालय झालेल्या एका वाड्याबाहेर, झाडाखाली, कापून टाकलेल्या हातापायांचा ढीग त्याने पाहिला. तिथून तो वॉशिंग्टनला आला आणि युद्ध संपेपर्यंत, त्यानंतरही काही काळ, रुग्णालयांत जात राहिला. त्याच्या स्वतःच्या हिशेबानुसार त्याच्या सहाशेहून अधिक फेऱ्या झाल्या आणि ऐंशी हजार ते एक लाख जखमी-आजाऱ्यांमध्ये तो वावरला. खिशात लहान टाचणवह्या असत. त्यांत कोणाला संत्रे हवे, कोणाला तंबाखू, कोणाला घरी पत्र लिहून हवे, अशा नोंदी आहेत. सूचीचा कवी अजूनही सूचीच करतो आहे, पण आता प्रत्येक नोंदीपुढे एक नाव, खाटेचा क्रमांक आणि एक मागणी आहे. माणूस ओळीत येतो तो कवीच्या ‘मी’चा विस्तार म्हणून नाही, त्याला काहीतरी हवे आहे म्हणून.

१८६५ च्या ‘ड्रम-टॅप्स’मधील, पुढे ‘द वूंड-ड्रेसर’ हे नाव मिळालेली कविता या वह्यांतून आली आहे. तेहेतिसाव्या विभागात जखमीला न विचारता त्याच्यात शिरलेला ‘मी’ इथे खाटेशेजारी गुडघे टेकून बसतो. मागून एक जण तबक आणि बादली घेऊन येतो. बादली भरते, रिकामी होते, पुन्हा भरते. तुटलेला हात, मानेतली गोळी, कुशीतला सडलेला घाव. प्रत्येक जखम धुवायची आणि बांधायची, आणि पुढच्या खाटेकडे जायचे. एका अनोळखी पोराचे डोळे पाहून, त्याचा जीव वाचणार असेल तर आपण या क्षणी मरायला तयार आहोत, असे निवेदक म्हणतो. हे वाक्य भावविवश वाटू शकेल, पण त्याचे व्याकरण नीट पाहिले पाहिजे. त्याच्यासाठी मरणे म्हणजे तो आणि मी दोन आहोत हे मान्य करणे. जो स्वतःच जखमी झाला आहे तो दुसऱ्याची पट्टी बदलू शकत नाही. त्यासाठी दोन धड हात आणि न थरथरणारे बोट लागते, आणि आतली आग चेहऱ्यावर येऊ न देणेही. दहाव्या विभागातला मलम लावणारा यजमान परत आला आहे. दहा वर्षांत व्हिटमन तादात्म्याकडून शुश्रूषेकडे आला, असे म्हणणे थोडे ढोबळ होईल, कारण दोन्ही गोष्टी त्याच्या पहिल्याच पुस्तकात शेजारी शेजारी होत्या. युद्धाने त्यांतली एक निवडली. तुकोबांनी साधू ओळखण्याची जी खूण सांगितली तीतही दुःखिताला आपला म्हणण्याची गोष्ट आहे, तोच मी असे म्हणण्याची नाही.

त्याच संग्रहात पहाटेच्या छावणीतील एक दृश्य आहे. तंबूबाहेर तीन स्ट्रेचर, त्यांवर राखाडी कांबळ्यांनी झाकलेली तीन प्रेते. निवेदक एकेकाच्या तोंडावरचे कांबळे हलक्या हाताने दूर करतो. पहिला म्हातारा, दुसरा कोवळा पोर. दोघांनाही तो ‘तू कोण’ असे विचारतो. तिसऱ्याच्या चेहऱ्यात त्याला ख्रिस्त दिसतो. डिकिन्सनची मोजणारी वाटसरूही शेवटी क्रूसाच्या टेकडीपाशीच पोहोचली होती. एकोणिसाव्या शतकातील प्रॉटेस्टंट संस्कारात वाढलेल्या दोन कवींनी परदुःखाच्या टोकाला ख्रिस्ताची प्रतिमा ठेवावी यात नवल नाही. पण तिचा उपयोग दोघांनी उलटसुलट केला आहे. डिकिन्सनकडे कॅलव्हरी हे अनेक क्रूसांचे ठिकाण आहे. तिथे एक ख्रिस्त नाही, वेगवेगळ्या तऱ्हेने वाहिलेले क्रूस आहेत आणि त्यांतला कोणता आपल्यासारखा हे केवळ गृहीत धरायचे आहे. व्हिटमनकडे तिसऱ्या मृत सैनिकाचा चेहरा ख्रिस्ताचाच वाटतो, आणि पुन्हा एकदा एका अनामिक पोराची विशिष्टता एका मोठ्या नावात विरघळते. मात्र पहिल्या दोघांना विचारलेला ‘तू कोण’ हा प्रश्न अनुत्तरित राहतो, आणि १८५५ च्या व्हिटमनने तो विचारलाच नसता.

हा सारा भेद मराठीत आणताना भाषांतरकाराला एक अशी निवड करावी लागते जी इंग्रजीत करावीच लागत नाही. इंग्रजीचे प्रथमपुरुषी अनेकवचन एकच आहे. मराठीत ‘आपण’ आणि ‘आम्ही’ असे दोन आहेत, आणि ऐकणारा आत की बाहेर हे त्यावरून ठरते. व्हिटमनचा एकवचनी ‘मी’सुद्धा मनातून ‘आपण’ असतो; पहिल्याच ओळींपासून तो वाचकाला आपल्या अणुरेणूंत वाटेकरी करून घेतो. डिकिन्सनची एक कविता आहे, जॉन्सनच्या क्रमाने ११००. एका स्त्रीच्या मृत्यूची रात्र. घरातली माणसे खोलीतून आत-बाहेर करत आहेत. एरवी नजरेतून सुटणाऱ्या बारीकसारीक गोष्टी त्यांना लख्ख दिसत आहेत. जिला संपायचे आहे तिच्या भोवती इतरांनी उद्याही असावे याचाच जणू राग आला आहे. मरणारी काही बोलू पाहते, विसरते, आणि पाण्याकडे वाकलेल्या बोरूसारखी हलकेच संपते. संपूर्ण कवितेत ‘मी’ नाही, आहे तो प्रथमपुरुषी समूह, आणि तो मरणारीला वगळून असलेला समूह आहे. त्याला ‘आपण’ म्हणता येत नाही. ते ‘आम्ही’च. मरणारीला काय वाटले याविषयी या ‘आम्ही’ला काही सांगायचे नाही. ती गेल्यावर ते तिचे केस नीट करतात, डोके सरळ ठेवतात, आणि मग करण्यासारखे काही उरत नाही अशी भयंकर सवड त्यांच्यापुढे पसरते. केस सारखे करणारे हे हात आणि वॉशिंग्टनच्या रुग्णालयातून एका मृत पोराच्या आईवडिलांना पत्र लिहिणारा हात यांच्यात, शैलीचे एवढे अंतर असूनही, फारसे अंतर राहत नाही. त्या पत्रात व्हिटमनने मुलाच्या शेवटच्या दिवसांचा तपशील दिला आहे. तो फार कमी बोलत असे, असे त्याने लिहिले आहे. त्याच्या वतीने तो बोललेला नाही.